ढेकूण मरतील हो, पण भिंतीपलीकडे कोण झोपले आहे?



आजचा लेख दुबई, शारजा, अजमान, अबूधाबी इथे राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांसाठी आहे, आणि त्यांच्या इकडच्या आईवडिलांसाठीही. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तिकडे घरातल्या किडींच्या तक्रारींचा काळ. शाळा ऑगस्टअखेर सुरू होतात, सुट्टीला भारतात आलेली कुटुंबे परततात, दीड-दोन महिने बंद असलेले फ्लॅट उघडतात आणि गादीत ढेकूण, मोरीत झुरळे दिसू लागतात. मग कोणीतरी सल्ला देतो, "एक माणूस आहे ओळखीचा. गोळ्या ठेवून जातो. एका रात्रीत सगळे साफ. कंपनीपेक्षा कितीतरी स्वस्त."

या माणसाला घरात घेऊ नका. शेजाऱ्याने बोलावला असेल तर गप्प बसू नका. भिडस्तपणा दाखवायची ही जागा नाही.

ही गोळी म्हणजे नेमके काय?

गावाकडे धान्याच्या कोठारात टाकतात तीच ही गोळी. तिच्यात अॅल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. हा वायू शरीरातल्या पेशींचा प्राणवायू वापरण्याचा मार्गच अडवतो. सर्वांत आधी हृदयाला आणि फुप्फुसांना फटका बसतो. रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात. यावर कोणताही उतारा (अँटिडोट) उपलब्ध नाही. आम्ही डॉक्टर प्राणवायू देतो, सलाईन, रक्तदाबाची औषधे, व्हेंटिलेटर वापरतो आणि शरीर तग धरते का ते पाहतो.

संयुक्त अरब अमिरातीत राहत्या घरात ही गोळी वापरायला बंदी आहे. तरीही शारजा, अजमान, दुबईतून शेजारच्या फ्लॅटमधल्या गोळ्यांमुळे लहान मुले दगावल्याच्या बातम्या एकदा नव्हे, अनेकदा आल्या आहेत. त्या मुलांच्या घरी ढेकूण नव्हते आणि गोळीही नव्हती. दोन्ही भिंतीपलीकडे होते.

एका गोळीचा हिशोब

"थोड्याच गोळ्या ठेवल्या आहेत" असे सांगणाऱ्याला हा हिशोब दाखवा.

३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन निघतो. १२ फूट लांब, ११ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत तो पूर्ण पसरला तर हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे साधारण २० भाग होतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत आठ तासांच्या कामासाठी मर्यादा आहे ०.३ भाग. म्हणजे एकच गोळी ही मर्यादा साठपटीहून जास्त ओलांडते. ५० भाग ही पातळी जिवाला तत्काळ धोका मानली जाते. तिथे पोहोचायला अशा खोलीत तीन गोळ्या पुरतात. घरोघरी फिरणारा माणूस तीनच ठेवतो का, हे तुम्हीच विचारा.

"वास आला तर कळेलच की" या भरवशावरही राहू नका. बाजारातल्या गोळीच्या वायूला लसणासारखा किंवा सडलेल्या माशासारखा वास येतो हे खरे, पण वास जाणवण्याआधीच तो अपाय करू शकतो. झोपलेल्या माणसाला तर वासाने जाग येईलच असे नाही.

वाळवंटी शहरात धोका जास्त का?

सप्टेंबरमध्ये तिकडे दिवसा ३८-३९ अंश तापमान असते आणि किनाऱ्यावरच्या शहरांत रात्री हवा दमट असते. उष्णता आणि ओलावा दोन्ही मिळाले की गोळीतून वायू लवकर सुटतो. त्यात खिडक्या बंद, एसी चालू. हवा बाहेर जायला वाट नाही. वायू मग पाइपांच्या फटींतून, एसीच्या डक्टमधून, खोट्या छतावरून आणि दाराखालून शेजारी जातो. ज्या बंद घरामुळे आपण उन्हापासून वाचतो, तेच घर या वायूचा सापळा बनते.

म्हणूनच "आमच्या गावी आजोबा वापरायचे, काही झाले नाही" हा युक्तिवाद मला मान्य नाही. आजोबांचे धान्याचे कोठार अंगणापलीकडे होते. त्याच्या भिंतीला लागून कोणाचा पाळणा नव्हता. आणि भारतातही या गोळीने किती घरे उद्ध्वस्त केली, हे सरकारी दवाखान्यात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा.

बरे, ढेकूण तरी कायमचे जातात का?

नाही. फॉस्फिन उडून गेला की मागे काहीच परिणाम राहत नाही. आठवड्याने शेजारून, सामानातून, जुन्या सोफ्यातून नवे ढेकूण आले तर त्यांना अडवणारे काही नाही. म्हणजे जीव धोक्यात घालून तुम्ही विकत घेता ती फक्त थोड्या दिवसांची सुटका.

मुळात ढेकूण आणि स्वयंपाकघरातली लहान तपकिरी झुरळे बाहेरच्या ऋतूवर अवलंबून नसतात. एसीच्या घरात त्यांना बारा महिने सारखेच. शरदात ती वाढल्यासारखी वाटतात, कारण त्या दिवसांत आपण हलतो. बॅगा भरून प्रवास करतो, घरे बदलतो, जुने फर्निचर घेतो, घर बंद ठेवून जातो. तेव्हा उपायही आपल्या या सवयींवरच करायला हवा.

मग करायचे काय?

१. बॅग पलंगावर उघडू नका. बाथरूमच्या फरशीवर किंवा बाल्कनीत उघडा. शिवणी, चाकांजवळची जागा टॉर्चने पाहा. कपडे थेट धुवायला टाका. ड्रायर असेल तर कडक उष्णतेवर अर्धा तास फिरवा. ५० अंशांच्या पुढे ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात.

२. फुकटचा सोफा महागात पडतो. जुना पलंग, गादी, सोफा घेण्याआधी शिवणी, स्क्रूची भोके, फळ्यांचे सांधे तपासा. काळे ठिपके किंवा कातीसारखी टरफले दिसली तर नको म्हणा.

३. मोरीत पाणी ओता. घर बंद असताना मोरीच्या पाइपातले पाणी सुकते आणि गटारातली मोठी झुरळे सरळ वर येतात. परतल्यावर प्रत्येक मोरीत आणि बेसिनमध्ये बादलीभर पाणी सोडा. बारीक जाळी बसवा.

४. झुरळांना जेल लावा, फवारा नको. कपाटाच्या बिजागऱ्यांजवळ, फ्रिजमागे, सिंकखाली जेलचे बारीक ठिपके लावा, मुलांचा हात पोहोचणार नाही असे. त्यावर स्प्रे मारू नका. स्प्रेमुळे झुरळे जेलपासून दूर पळतात.

५. ओल आणि खोकी काढा. रात्री सिंक कोरडे पुसा. दुकानातून आलेली पुठ्ठ्याची खोकी त्याच दिवशी टाका. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथली फट सिलिकॉनने बुजवा.

६. नोव्हेंबरमध्ये खिडक्या उघडण्याआधी जाळ्या तपासा. कुंड्यांखालच्या बशा आणि एसीचे पाणी पडते तिथले भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा, म्हणजे डास होणार नाहीत.

७. धान्यासाठीही गोळी नको. टोके लागू नयेत म्हणून तांदूळ, रवा, पीठ थोडेथोडे आणा, चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

एवढे करूनही ढेकूण गेले नाहीत तर पालिकेची मान्यता असलेल्या कंपनीलाच बोलवा. औषधाचे नाव लेखी मागा. किती तास बाहेर राहायचे ते विचारा. शेजाऱ्यांना आधी सांगा. लगतचे, वरचे आणि खालचे फ्लॅट त्याच वेळी तपासायला लावा.

ही लक्षणे दिसली तर

शेजारी पेस्ट कंट्रोल झाले आहे आणि घरातल्या एकाहून अधिक जणांना एकाच वेळी मळमळ, उलट्या, पोटदुखी, डोकेदुखी, चक्कर, छातीत दडपण किंवा दम लागणे सुरू झाले, तर "बाहेरचे खाल्ले असेल" म्हणून थांबू नका. सगळ्यांना घेऊन ताबडतोब इमारतीबाहेर या. रुग्णवाहिकेसाठी ९९८ लावा. दवाखान्यात पहिले वाक्य हेच सांगा, "शेजारी गोळ्या ठेवल्या होत्या." हे न सांगितल्यास डॉक्टरही अन्नविषबाधा समजू शकतात, आणि त्यात जाणारे तास परत मिळत नाहीत.

घरात अशी गोळी किंवा तिची राखाडी पावडर सापडली तर तिच्यावर पाणी ओतू नका, झाडू नका. टेक्सासमधल्या अमारिल्लो शहरात जानेवारी २०१७ मध्ये घराखाली टाकलेल्या अशाच गोळ्यांवर पाणी मारले गेले आणि एकाच कुटुंबातली चार मुले गेली. बाहेर पडा आणि मदत बोलवा.

शेवटचे, थोडे कडू

स्वस्त गोळीवाल्याला गिऱ्हाईक मिळते, कारण एका खोलीत आठ-आठ जणांना बेडस्पेस देणारे भाडे घेतात आणि ढेकणांची जबाबदारी घेत नाहीत. महागड्या उपचाराचे पैसे त्या मजुराने कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर गोळी नाही. उत्तर आहे इमारतीच्या व्यवस्थापनाकडे सर्व भाडेकरूंच्या सह्यांची लेखी तक्रार. एकट्याची तक्रार फाईलमध्ये राहते, मजल्याची राहत नाही.

ढेकूण चावला तर खाज येते, झोप उडते, मनस्ताप होतो. पण त्याने जीव जात नाही. या आठवड्यात आखातातल्या आपल्या माणसांना फोन कराल तेव्हा जेवणाबरोबर एवढेही विचारा, "घरात किंवा शेजारी कोणी गोळ्या तर ठेवत नाही ना?"