आर्किटेक्टचे कागद लंडनला, कामगारांची जमीन कुणाला?

मुलुंड पश्चिमेला स्टेशनवरून पाच रस्त्याकडे चालत जा. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते दिसतील. १९२२ साली क्राउन अँड कार्टर या आर्किटेक्ट कंपनीने ही आखणी केली. आज त्याच मुलुंडच्या पूर्वेला मिठागराची जमीन धारावीतल्या 'अपात्र' कुटुंबांसाठी ठरवली गेली आहे. एक आराखडा प्लॉट घेणाऱ्यांचा, दुसरा हुसकावलेल्यांचा. मग नकाशा तटस्थ असतो, असं कोण म्हणतो?

चार्ल्स कोरिया यांचंच उदाहरण घ्या. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक, पुढे सिडकोचे मुख्य आर्किटेक्ट. २०१३ साली त्यांची रेखाचित्रं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सकडे गेली. ती तिथे जपली जातील, चांगलंच आहे. पण त्यांचा आपल्याशी थेट संबंध असलेला कागद वेगळाच आहे: गिरण्यांच्या जमिनीवरचा १९९६ चा अहवाल.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ सांगत होता, की गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. कोरिया समितीने याच पायावर, एकेक गिरणी सुटी न बघता, गिरणगावाचा एकत्र विचार मांडला. अहवाल बाजूला पडला. २००१ मध्ये नियमच बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन मालकाच्या खिशात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला.

ही जमीन कुणाच्या घामाची होती? धाग्याला तोंड लावावं लागतं म्हणून ज्या गिरण्यांनी आपल्या माणसांना विणकाम खात्यात पाऊल ठेवू दिलं नाही, त्याच गिरण्यांची. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला, तेव्हा अनेक कामगार पुढाऱ्यांना तो दुय्यम वाटला होता. आधी जास्त पगाराच्या खात्यातून बाहेर, नंतर जमिनीच्या वाट्यातूनही बाहेर!

काही मित्र म्हणतील, कोरिया भला माणूस होता, सरकार वाईट. पण भल्या माणसाचा अहवाल आपल्याला हक्क देत नाही. त्यामागे जागी आणि संघटित माणसं नसतील, तर नियमातला एक शब्द बदलून तो रद्दी होतो.

म्हणून तरुणांनो, जयंतीच्या वर्गणीइतकंच मन लावून विकास आराखडा वाचायला शिका. नियमात फेरबदल करताना एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७ नुसार हरकती-सूचना मागवल्या जातात. ती मुदत वस्तीच्या फलकावर लिहा. चाळीच्या पावत्या, जुनी रेशनकार्डं, सर्व्हेच्या नोंदी एकत्र जपा. मुलुंडच्या मिठागरावर कोणाला पाठवायचं, हे ठरवणारा 'पात्र-अपात्र'चा शिक्का अशाच कागदांवर बसतो.

आर्किटेक्टचे कागद जपायला संस्था आहेत. आपले कागद आपल्यालाच जपायचे आहेत.

जय भीम!