विंचू, महाड आणि ‘हार्ट फेल्युअर’ हे अपुरे नाव

१/ पळस्प्याहून गोव्याचा महामार्ग धरला की पेण, कोलाड, माणगाव मागे टाकीत आपण महाडला पोहोचतो. पनवेलकरांना हा रस्ता खड्ड्यांमुळे परिचित आहे. हृदयरोगाच्या इतिहासातील एक मोलाचे प्रकरण याच वाटेवर, आपल्याच जिल्ह्यात घडले, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचू तेव्हा साक्षात काळ होता. धडधाकट माणसे आणि लहान मुले दंशानंतर काही तासांत दगावत.

३/ बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करीत राहिले. आधी उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. पुढे धाप, खोकला आणि तोंडावाटे गुलाबी फेस. हा फेस फुप्फुसांत साचलेल्या पाण्याचा होता. रुग्ण दगावत होता तो हृदय हरल्यामुळे. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली.

४/ विषामुळे शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा उसळतो आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्या अरुंद वाटेने रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, आणि पाणी मागे फुप्फुसांत तुंबते. मग उपाय आवळलेल्या वाहिन्या सैल करण्याचा हवा. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी नेमके तेच करते. हा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. एकेकाळी गंभीर रुग्णांपैकी २५ टक्क्यांहून अधिक दगावत. ते प्रमाण पुढे १ टक्क्याच्या आसपास आले.

५/ आता योगायोग पाहा. त्याच १९८६ साली अमेरिकेत माजी सैनिकांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६४२ पुरुष, सर्वांना दीर्घकाळचे हार्ट फेल्युअर. त्यांच्यात हेच प्राझोसिन निव्वळ दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

६/ गोळी तीच, निदानाचे नावही तेच. महाडला जीव वाचले, तिकडे लाभ शून्य. माझ्या मते या विषयाचा सारा धडा या विरोधात आहे. हार्ट फेल्युअर हे परिणामाचे नाव आहे, कारणाचे नव्हे.

७/ आपण मात्र नावापाशीच थांबतो. जिना चढताना लागणारी धाप ‘वयाची’ ठरते, रात्रीचा खोकला ‘दम्याचा’, पायांवरची सूज ‘उभे राहण्याची’. दोन उशांवाचून झोप येत नाही, हे तर डॉक्टरांना सांगावेसेही वाटत नाही. वास्तविक निदानाची सुरुवात याच तक्रारींपासून होते. टू-डी इको आणि रक्ततपासणी त्यानंतर येतात.

८/ आणि निदान झाल्यावरही प्रश्न उरतोच : कशामुळे? तुंबलेली रक्तवाहिनी, वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप, की मद्य? झडपेचा दोष केवळ लघवीच्या गोळीने दुरुस्त होत नाही. ती गोळी साचलेले पाणी उतरवते; हृदयाच्या दुर्बल स्नायूला सावरणारी औषधे निराळी असतात आणि ती बरे वाटू लागल्यावरही चालू ठेवावी लागतात. सूज उतरली म्हणून स्वतःच औषध बंद करणारे रुग्ण पुन्हा धाप घेऊन दाखल होतात.

९/ यंत्रांना कमी लेखण्याचा हेतू नाही. बिरवाडीत इको असता तर बावस्करांनी तो आनंदाने वापरला असता. परंतु आज पनवेलमध्ये इको सहज होतो, म्हणून रुग्णाशेजारी बसून विचारण्याचे काम संपले, असे समजणे चूक आहे.

१०/ घरात कोणाच्या कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलेले असेल, तर पुढच्या भेटीत एवढेच विचारा : “डॉक्टर, हे कशामुळे झाले?” आणि उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या.