खाड्यांची वही

महाविद्यालयात सांस्कृतिक सचिवाचा फोटो छापून येतो, क्रीडा सचिवाला करंडक उचलायला मिळतो. मेस सेक्रेटरीच्या वाट्याला येतात खाडे. तरीही विद्यार्थिदशेत माणूस घडवणारं पद कोणतं, असं कुणी विचारलं तर मी मेस सेक्रेटरीचंच नाव घेईन. वसतिगृहात असताना ते मी सांभाळलं आहे.

मुलांनी चालवलेल्या मेसचा हिशेब सरळ असतो. किराणा, भाजी, दूध, गॅस, आचारी-वाढप्यांचे पगार यांची महिन्याची बेरीज करायची. प्रत्येकाचे जेवणाचे दिवस मोजायचे. गावी जाणाऱ्याने आदल्या संध्याकाळपर्यंत वहीत खाडा टाकला असेल तरच त्याचे दिवस वजा. खर्चाला एकूण दिवसांनी भागलं की दिवसाचा दर निघतो. तो बोर्डावर लागतो आणि वाढलेला असेल तर जेवताजेवताच जाब विचारला जातो.

आचारी वडिलांच्या वयाचे. त्यांना मामा म्हणायचं, आणि तेलाचा डबा या वेळी लवकर कसा संपला हेही विचारायचं. खाडा न टाकता गावी गेलेला मित्र म्हणतो, ‘तेवढे दिवस वगळ ना माझे.’ तो शेजारच्याच कॉटवर झोपणारा. त्याला नाही म्हणायचं आणि सकाळी त्याच्याबरोबरच चहाला जायचं. नोकरीत हाताखालच्या माणसाला नकार देताना खुर्ची पाठीशी असते. बरोबरीच्याला दिलेल्या नकारामागे फक्त चोख वही असते.

माझ्यात सर्वांत खोल उतरली ती थकबाकीची गोष्ट. शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने रखडे आणि बाकीदारांची यादी नावांसकट बोर्डावर लागे. त्यात बरीचशी नावं शेतमजुरांच्या, ऊसतोड कामगारांच्या मुलांची. यादी लागली की ती मुलं जेवायलाच येत नसत. आमच्या मेस समितीने ठराव मांडला: बाकी किती ते बोर्डावर, कुणाची ते फक्त वहीत, शिष्यवृत्ती आली की भरायची. सभेत कडाडून विरोध झाला. विरोध करणारेही काही श्रीमंत नव्हते, दर वाढला तर त्यांच्याही घरी ओढाताण होणार होती, हे मला दिसत होतं. एरवी वर्गात उभं राहायला घाबरणारा मी त्या दिवशी बोललो, कारण उपाशी अभ्यासिकेत बसणारी मुलं मला नावानिशी माहीत होती आणि त्यांची नावं मला घ्यायची नव्हती. वाण्याकडची उधारी किती चालेल याचे आकडे मांडले. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला.

वसतिगृहाच्या पंगतीतली ही शाळा महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं; 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. स्वयंपाकापासून सगळी कामं मुलंच वाटून घेत. एका पंगतीत बसणं आणि त्या पंगतीची जबाबदारी उचलणं, दोन्ही तिथे एकत्रच शिकवलं गेलं.

पुढे आपण उलट्या दिशेला गेलो. महाविद्यालयीन निवडणुकांत हाणामाऱ्या झाल्या, म्हणून 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्ग प्रतिनिधी गुणांवर नेमायला सुरुवात केली. हिंसा थांबवणं गरजेचंच होतं. पण गुणांवर नेमलेल्या मुलाला वर्गापुढे जाब द्यावा लागत नाही, आणि मला वाटतं, वाढ होते ती त्या जाबातून. 2016 च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली. वसतिगृहांत मात्र मेस कंत्राटदाराकडे जाऊ लागली आहे. मुलं आता गिऱ्हाईक म्हणून तक्रार करतात, दर कसा निघतो हे त्यांना ठाऊक नसतं.

वसतिगृह चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: कंत्राटदार हवा तर ठेवा, पण खरेदीची बिलं, खाडे आणि दर ठरवण्याचा अधिकार मुलांनी निवडलेल्या समितीकडे द्या. समिती दरवर्षी बदला. आणि सभेला तुम्ही मागच्या बाकावर बसा.