मुलांचे ताट आणि विधिमंडळाची जबाबदारी

राज्यांच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनांत उद्योगांच्या सवलतींवर, रस्त्यांवर आणि करांवर तासन्‌तास खडाजंगी होते. शाळेतील दुपारच्या जेवणाची मागणी मात्र बहुधा इतर मागण्यांच्या गर्दीत, फारशी चर्चा न होता मंजूर होऊन जाते. हे अपघाताने घडत नाही. मुलांना मताधिकार नाही, आणि सरकारी शाळेत जेवणाऱ्या मुलांचे आईबाप शेतमजूर, बांधकाम मजूर, घरकामगार असतात. सभागृहाच्या दारापर्यंत त्यांचा आवाज सहजासहजी पोहोचत नाही. 2021 साली केंद्र सरकारने या योजनेचे नाव बदलले, तेव्हा तिच्या कक्षेत सुमारे 11 कोटी 80 लाख मुले असल्याचे सरकारनेच सांगितले होते. एवढ्या मोठ्या समूहाचे आरोग्य, शिक्षण आणि सुरक्षितता ज्या निर्णयांवर अवलंबून आहे, त्यांचा हिशेब आमदारांकडे मागणे हे लोकशाही चळवळीचे कर्तव्य आहे.

हा हक्क कोणी दान म्हणून दिलेला नाही. 1956 साली मद्रास राज्यात कामराज यांच्या मंत्रिमंडळाने शाळेत जेवण सुरू केले. 1982 साली एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला, तेव्हा ही उधळपट्टी असल्याची टीका झाली. केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी आली खरी, पण बहुतेक राज्यांनी शिजवलेल्या अन्नाऐवजी महिन्याचे कोरडे धान्य मुलांच्या पिशवीत घालून जबाबदारी संपवली. 2001 साली सरकारी गोदामे धान्याने ओसंडत असताना दुष्काळी भागांत लोक उपाशी होते. त्यावेळी दाखल झालेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्व सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. पुढे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो कायदेशीर हक्क झाला.

येथेच राज्यांच्या विधिमंडळांचा प्रश्न सुरू होतो. प्राथमिक वर्गातील मुलाला 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने, आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने, हा किमान दंडक देशभर एक आहे. धान्य केंद्राकडून येते. डाळ, तेल, भाजी आणि इंधन यांच्या खर्चाचा वाटा बहुतेक राज्यांत केंद्राचा 60 टक्के व राज्याचा 40 टक्के आहे. मात्र किमान दंडकाच्या वर काय द्यायचे, हे राज्य स्वतःच्या तिजोरीतून ठरवू शकते. म्हणूनच एकाच देशातील, एकाच इयत्तेतील दोन मुलांची ताटे वेगळी दिसतात. तमिळनाडूत 1989 पासून मुलांच्या ताटात अंडे आले आणि 2010 पासून ते आठवड्याचे पाचही दिवस मिळू लागले. 2022 साली त्या राज्याने प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू केली. केरळात जेवणाला दूध व अंड्याची जोड मिळाली. कर्नाटकात डिसेंबर 2021 मध्ये कुपोषणग्रस्त ईशान्य जिल्ह्यांपासून अंड्याचा आरंभ झाला आणि काही मठाधिपतींच्या विरोधानंतरही तो मागे घेतला गेला नाही. उलट मध्य प्रदेशात 2015 साली अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव मुख्यमंत्र्यांनीच फेटाळला, तोही आदिवासी बालकांचे कुपोषण साऱ्या देशाला ठाऊक असताना.

महाराष्ट्राचे उदाहरण याहून बोलके आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये शासनाने आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे, असा निर्णय केला. म्हणजे कोणाच्या आहारावर सक्ती नव्हती. तरीही जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवण्यात आला आणि ज्या शाळांना ते द्यायचे असेल त्यांनी लोकसहभागातून पैसा उभा करावा असे सांगण्यात आले. ‘लोकसहभाग’ हा शब्द ऐकायला गोड आहे. पण ज्या गावात बागायतदार व व्यापारी आहेत तेथे वर्गणी जमेल. ज्या पाड्यावरची निम्मी माणसे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली आहेत तेथे ती कोण देणार? ज्या मुलाला अंड्याची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच ताटातून ते प्रथम नाहीसे होते. सार्वजनिक कर्तव्याचे खाजगी धर्मादायात रूपांतर होते, तेव्हा नेहमी असेच घडते.

काटकसरीची किंमत मुलांनी प्राणांनीही मोजली आहे. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून उठलेली आग गवती छपराला लागली आणि 94 मुले मृत्युमुखी पडली. बरोबर नऊ वर्षांनी, 16 जुलै 2013 रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात कीटकनाशक मिसळलेले जेवण खाऊन 23 मुले दगावली. त्या शाळेला स्वतःची इमारतही नव्हती. खटले चालले, चौकश्या झाल्या. पण पक्के स्वयंपाकघर, धान्याची कोठी आणि वेळेवर होणारी तपासणी यांसाठी तरतूद करणे हे कोणा एका मुख्याध्यापकाच्या हातचे काम नव्हे. ते मंत्रिमंडळाचे आणि सभागृहाचे काम आहे.

या स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रियांचाही प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. 2009 साली केंद्राने त्यांचे मानधन दरमहा 1000 रुपये ठरवले, तेही वर्षातील दहा महिन्यांचेच. दहा वर्षांहून अधिक काळ हा आकडा तसाच राहिला. ज्या राज्यांत संघटनेने झुंज दिली तेथे राज्याने त्यात भर घातली. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली या कामावर दलित व आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले. तरीही दलित स्त्रीने रांधलेल्या अन्नावर बहिष्कार घालण्याचे प्रकार अनेक राज्यांत घडले आहेत. जिच्या हातून मुलांना निर्धोक अन्न मिळावे अशी अपेक्षा आहे, तिला कामगार म्हणून मान्यता आणि जगण्यापुरते वेतन नाकारणे हा मुलांशीही केलेला द्रोह आहे.

‘पैसा नाही’ हे उत्तर आपल्या परिचयाचे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही खर्चाची सबब पुढे आली आणि 1912 साली ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. पण बडोदे संस्थानाने 1906 सालीच तसा कायदा केला होता आणि कोल्हापूरने 1917 साली केला. तिजोरीच्या आकारापेक्षा इच्छेचा आणि अग्रक्रमाचा प्रश्न तेव्हाही मोठा होता, आजही आहे.

मुंबई, बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, जेथे कोठे आमचे वाचक कार्य करीत असतील तेथील विधानसभा वेगळी आहे. मागण्या मात्र एकच आहेत. अंड्याचा किंवा त्याच्या तोडीच्या आहाराचा खर्च राज्याने उचलावा. महागाईप्रमाणे दर वाढावेत. प्रत्येक शाळेला पक्के स्वयंपाकघर मिळावे. स्वयंपाकी व मदतनिसांना किमान वेतन द्यावे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. या समित्या जिवंत करणे, आपल्या शाळेत दुपारी जाऊन ताट पाहणे, नोंदी ठेवणे आणि अधिवेशनापूर्वी त्या नोंदी घेऊन आमदाराच्या दारात उभे राहणे हे काम प्रत्येक शाखेला करता येण्याजोगे आहे. मुलांना मत नाही. त्यांच्या आईबापांना आहे. ते मत संघटित झाले की सभागृहाला ही मागणी चर्चेविना उरकता येणार नाही.