जोहार पुन्हा नको

छोटा धंदा सुरू करणाऱ्या आपल्या तरुणांना हल्ली शिबिराशिबिरांतून एकच मंत्र दिला जातो : गिऱ्हाइकाला चढवा. ‘ताई, हा रंग तुमच्यावरच खुलतो’ म्हणा, पुरुषाला ‘शेठ’ म्हणा, त्याच्या पारखेचं कौतुक करा, माल आपोआप खपेल. वस्त्यांमध्ये काम करताना ही शिकवण सतत आमच्या कानावर पडते. आमचा तिला विरोध आहे.

नीट बोलण्याला विरोध नाही. दुकानात आलेल्याला बसा म्हणणं, पाणी विचारणं ही साधी माणुसकी झाली. खुशामत वेगळी. ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. कपडे, गाडी, आडनाव बघून कुणी ‘शेठ’ होतो, कुणी ‘साहेब’. आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई आली की ‘ए, काय पाहिजे?’ ही उतरंड आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ‘जोहार मायबाप’ म्हणत वाकणं आपल्या आज्या-पणज्यांच्या नशिबी मारलं गेलं होतं. ते टाकून आपण ‘जय भीम’ म्हणू लागलो; कामठीच्या बाबू हरदासांनी ते रुजवलं. आता तोच जोहार ‘कस्टमर केअर’ म्हणून पुन्हा शिकायचा?

बरं, त्यानं धंदा तरी टिकतो का? अमेरिकेत आणि लंडनला अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि तो बंद पडला. तिथं गोड बोलणं कमी पडलं, असं कोणता प्रशिक्षक म्हणेल? जात कळल्यावर पाठ फिरवणारं गिऱ्हाईक स्तुतीनं थांबत नाही.

गृहस्थांचा विनय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मित्राच्या वेषातले चार शत्रू सांगितले आहेत. त्यांतला एक खुशामत्या. तोंडावर स्तुती करणारा, पाठीमागं निंदा करणारा. एप्रिल आला की निळा फ्लेक्स लावून ‘भीमसैनिकांसाठी खास सूट’ देणारे काही दुकानदार आठवून पाहा. त्यांच्याच इमारतीत गाळा भाड्यानं मागायला गेलात, तर पहिला प्रश्न आडनावाचा असतो. (सूट मात्र आपण रांग लावून घेतो, हेही खरंच.) याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करून त्यांतले दोन व्यवसायात घालायला सांगितलं आहे. म्हणजे बुद्धाला धंद्याचं वावडं नव्हतं.

मग आपल्या दुकानदारानं काय बोलावं? शिवणकाम करणाऱ्या ताईनं सरळ सांगावं, ‘हे कापड पहिल्या धुण्यात आटेल, आधी भिजवून आणा.’ भाजीवाल्यानं सांगावं, ‘आजची मेथी कालची आहे, दहा रुपये कमी द्या.’ भावाची पाटी सगळ्यांना दिसेल अशी लावावी, म्हणजे शेठला एक भाव आणि मोलकरणीला दुसरा, असं होणार नाही. त्या दिवशी एखादी विक्री बुडेलही. पण त्या ताईकडे पुढचं कापड घेऊन येणारी बाई कौतुक ऐकायला येणार नाही. कापड वाया जाणार नाही म्हणून येईल.

पुढच्या शिबिरात स्तुतीचा तास सुरू झाला की आपल्या पोरांनी हात वर करावा आणि तो तास वजनकाट्यासाठी, पक्क्या पावतीसाठी आणि उधारीच्या वहीसाठी मागून घ्यावा.