बिल्डिंग पूर्ण, पोरं रस्त्यावर



विद्यापीठात वसतिगृह मंजूर झालं की हार-तुरे, कोनशिला, फोटो. पाटीवर मंत्री, कुलगुरू, झाडून सगळे. पाया खणणाऱ्या बाईचं नाव तिथं नसतं. आत राहणाऱ्या पोराचा तर पत्ताच नाही.

मग कागद चालू लागतो. आराखडा, एस्टिमेट, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर. एम.ए.चा कोर्स दोन वर्षांचा. ज्यानं मोर्चा काढून वसतिगृह मागितलं तो पोरगा डिग्री घेऊन बेकार फिरतोय, तरी जोत्यावर गवतच.

एकदाची बिल्डिंग उभी राहते. आणि खरी गोम इथंच आहे. भिंतींचा पैसा एका हेडखाली, खाटांचा दुसऱ्या. पाणी एका खात्याकडं, वीज दुसऱ्याकडं. वॉर्डनचं पद मंजूर नाही. म्हणून दाराला कुलूप. पण कागदावर काम पूर्ण! पूर्णत्वाचा दाखला निघतो आणि तिथूनच ठेकेदाराच्या जबाबदारीची मुदत सुरू होते. या मुदतीत गळलं, तडकलं, तुंबलं तर त्यानं पदरच्या पैशानं दुरुस्त करायचं. त्यासाठीच त्याची अनामत अडकवून ठेवलेली असते.

आता सांगा, कुलपाआडचा संडास तुंबणार कसा? रिकाम्या खोलीतली ओल बघणार कोण? मुदत कुलपातच सरते. अनामत सुटते. मग आपली पोरं राहायला जातात आणि पहिल्याच पावसात गाद्या भिजतात. तक्रार केली तर ऐकायचं काय? "तुम्हा लोकांना राहायचं वळणच नाही." वा रे न्याय! गळका स्लॅब ठेकेदाराचा, शिवी आमच्या जातीला!

शाहू महाराजांच्या काळात 1908 साली कोल्हापुरात अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढलं. त्यांना पक्कं ठाऊक होतं, शाळेचं दार उघडलं तरी आपल्या पोराला गावात खोली कोणी देणार नाही. आजही खोली मागायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारतो. मग वसतिगृहाबिगर अ‍ॅडमिशनचा कागद काय चाटायचाय?

आमचं म्हणणं सरळ आहे. खाट, पाणी, वीज, मेस, वॉर्डन हे सगळं भिंतींबरोबर एकाच मंजुरीत घ्या. बांधकाम समितीवर वसतिगृहातली पोरं-पोरी घ्या, एस्टिमेट त्यांच्या हातात द्या. ठेकेदाराची मुदत पोरं राहायला गेली त्या दिवसापासून मोजा.

तोवर गप्प बसू नका. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. दोनच तारखा मागा : काम पूर्ण झाल्याची आणि पोरांना ताबा दिल्याची. मधले दिवस बोटांवर मोजा. तेवढ्या रात्री आपली पोरं कुठं झोपली, याचा जाब कुलगुरूच्या दारात जाऊन विचारा.

जयभीम!