शांत दिसणारं पाणी

शनिवारी सिनेमा आणि रविवारी किनारा हा माझा क्रम या सदराच्या वाचकांना एव्हाना पाठ झाला आहे. मध्यंतरातही मी खुर्ची का सोडत नाही यावर मागे एक अख्खा लेख लिहिला होता, त्यावर आलेली पत्रं अजून जपून ठेवली आहेत. त्यामुळे 'सैयारा' या सिनेमावर मी लिहिणार अशी बऱ्याच जणांची अटकळ होती. लिहायचंच होतं. पण मधेच शेजारचे एक काका गेटापाशी थांबले आणि म्हणाले, "तुम्ही पोरं थेटरात धाय मोकलून रडता, आणि आपल्या आरे-वारेला चार माणसं गेली त्याचं कुणाला काही नाही!" काका मनाने चांगले आहेत, आमच्या अडीनडीला धावून येणारे आहेत. तरी ते वाक्य मला लागलं. तेव्हापासून मनातल्या मनात मी त्यांना उत्तर देते आहे, ते आज इथे लिहून टाकते.

बातमी सगळ्यांना माहीत आहे. शनिवार, १९ जुलै २०२५. संध्याकाळी रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या समुद्रात एकाच नात्यातले चौघे बुडाले. त्यांतल्या दोन मुली पाहुण्या म्हणून रत्नागिरीत आल्या होत्या. पावसाळ्यातली सुट्टीची संध्याकाळ, समोर समुद्र. घरी पाहुणे आले की त्यांना आरे-वारे दाखवायला नेणं ही आपल्याकडची रीत आहे, माझ्याही घरची आहे. म्हणून ही बातमी दुसऱ्या कुणाची वाटतच नाही.

त्या वेळी मी थिएटरात होते. आदल्याच दिवशी, शुक्रवारी 'सैयारा' लागला होता आणि संध्याकाळच्या खेळाला आमचं अख्खं कॉलेज लोटलं होतं. सिनेमात एका तरुण मुलीची आठवण हळूहळू पुसली जाते. शेवटच्या अर्ध्या तासात आमच्या पुढच्या रांगेतली मुलं, एरवी जी हॉर्न वाजवत आठवडा बाजारातून गाड्या काढतात ती, मान खाली घालून रडत होती. रडतानाचे व्हिडिओ काढणारेही होते, आणि समाजमाध्यमांवर तेच फिरले. पण बाकीचे बहुतेक जण अंधारात, कुणाला न दाखवता रडत होते. दिवे लागले, फोन चालू झाले आणि जिन्यावरच बातमी कळली. पार्किंगमध्ये कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एकाने मावशीला फोन लावला, ती आरे-वारेजवळ नेवऱ्याला राहते. दुसरा नुसताच गाडीची किल्ली हातात धरून उभा होता. काका, "कुणाला काही नाही" असं म्हणालात ना, त्या जिन्यावर तुम्ही हवे होतात.

आणि सिनेमात रडणं ही काय आमच्या पिढीने काढलेली गोष्ट आहे? १९९१मध्ये 'माहेरची साडी' आला तेव्हा माझी आजी वाडीतल्या बायकांबरोबर एसटीने रत्नागिरीला येऊन तो बघून गेली. पदर पिळून काढावा लागला, हे ती आजही सांगते. अलका कुबल समोर दिसल्या तर तिला अजून भरून येईल. तेव्हा त्या बायकांना कुणी विचारलं नाही की गावातल्या सासुरवाशिणीसाठी तुम्ही काय केलंत. खरं तर आजीने केलं होतं. घरातून मारून काढलेल्या शेजारच्या एका सुनेला तिने दोन महिने आपल्याकडे ठेवून घेतलं. ते सिनेमामुळे केलं की नाही मला माहीत नाही, तिलाही नसेल. पण दुसऱ्याच्या दुःखासमोर तीन तास न हलता बसण्याची तिला सवय होती, हे खरं. २०२५च्या फेब्रुवारीत 'छावा' पाहून बाहेर पडलेली माणसंही मला आठवतात. संगमेश्वर आपल्यापासून तासाभरावर, रोजच्या जाण्यायेण्यातलं. १६८९मध्ये संभाजी महाराज तिथेच पकडले गेले, हे शाळेत सगळे शिकलो होतो. पण त्या रात्री माझ्या भावाने पहिल्यांदा विचारलं, "नेमकं कुठे गं?" आणि पुढच्या रविवारी तो संगमेश्वरच्या कसब्याला जाऊन आला.

थिएटरात माणूस कुठे पळू शकत नाही. फोनवर दुःख पंधरा सेकंदांचं असतं आणि अंगठा पुढे सरकतो. मला राग आहे तो त्या पंधरा सेकंदांचा. दुर्घटनेनंतर आमच्या एका ग्रुपवर किनाऱ्यावरची चित्रफीत आली, मागे सिनेमातलं गाणं लावलेलं. ज्यांच्या घरात ते घडलं त्यांच्यापर्यंत ती पोचली असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. ती पाठवणारा वाईट मुलगा नाही. त्याला वाईट वाटलं आणि त्या वाटण्याचं करायचं काय हे त्याच्याजवळ नव्हतं, म्हणून त्याने ते पुढे ढकललं. मी त्याला ती काढायला लावली आणि रविवारी वारेच्या बाजूला ये म्हटलं. तो आला.

आम्ही तिथे एरवी किनारा साफ करायला जमतो. पावसाळ्यात समुद्र सगळं परत आणून टाकतो: चपला, थर्माकोल, औषधांच्या बाटल्या, जाळ्यांचे गुंताडे. जाळी ओढून काढायला चार-चार जण लागतात, कारण अर्धी वाळूत रुतलेली असतात. २७ तारखेच्या रविवारी मात्र गोण्या बाजूलाच राहिल्या आणि आम्ही शिट्या घेऊन उभे राहिलो, कारण माणसं पुन्हा पाण्यात होती.

इथे थोडं समुद्राबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण लोक समजतात तसा तो नाही. बहुतेकांना वाटतं की उधाण असेल तेवढाच धोका. १९ तारखेला उधाण नव्हतं. नवमी होती, भांगाचे म्हणजे लहान भरतीचे दिवस. पावसाळ्यात भरती लहान असो की मोठी, बाहेरून येणाऱ्या लाटांचा जोर कमी होत नाही. या लाटा वाळूच्या बुडालेल्या बांधावर फुटतात आणि पाणी किनाऱ्याकडे लोटतात. लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि बांधाला जिथे खिंड असेल तिथून जोरात आत जातं. त्या खिंडीत पाणी खोल असतं म्हणून तिथे लाट फुटत नाही. वरच्या रस्त्यावरून, सुरूच्या झाडांपासून पाहा: दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे एक सपाट, गढूळसर पट्टा. पोहता न येणारा माणूस नेमका तोच पट्टा निवडतो, कारण तिथे शांत दिसतं. शिवाय पावसाळ्यात हे बांध जागा बदलतात, किनारा खचून उतरता होतो. मे महिन्यात जिथे गुडघाभर पाण्यात खेळलो ती जागा जुलैत तीच राहत नाही.

वारेच्या वळणावर भजी-चहाची गाडी लावणारे एक बाबा आहेत, त्यांनी मला हे दाखवायची एक रीत शिकवली. रविवारी ती उपयोगी पडली. घाटावरून आलेलं एक कुटुंब होतं. वडिलांच्या खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी, आणि ते सरळ त्या सपाट पट्ट्याकडे निघालेले. मी शिटी वाजवली, धावत गेले. "दादा, तिथे नको, पाणी ओढतंय." ते म्हणाले, "ताई, आम्ही फक्त पाय भिजवतोय. लाटा तिकडे आहेत, इथे तर काहीच नाही." वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी वाळूतलं नारळाचं एक सोडण उचललं आणि त्या पट्ट्यात टाकलं. क्षणभर ते जागीच डुललं. मग सरळ रेषेत आत निघालं, चालत्या माणसापेक्षा जलद, दोन्हीकडच्या फेसाच्या मधून, आणि लाटांच्या पलीकडे जाऊन दिसेनासं झालं. दादांनी मुलीला खांद्यावरून उतरवलं, तिचं मनगट घट्ट धरलं आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिले. नंतर त्यांनी स्वतःच आणखी दोन सोडणं टाकून बघितली आणि शेजारी आलेल्या दुसऱ्या कुटुंबाला बोलावून दाखवली.

बाबा म्हणतात, "तितं पाणी वडतंय, ह्यां सांगून कोण ऐकत नाय, दावाया लागतां." आणि एक गोष्ट ते दरवेळी बजावतात, तीही इथे लिहिते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमून बुडाल. अंग सैल सोडा, तरंगा, आणि किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटतायत तिकडे सरका. बाहेरच्याने मागून उडी मारू नये. बुडणाऱ्यामागोमाग बुडतो तो बऱ्याचदा वाचवायला गेलेला जीवलगच असतो. दोर फेका, बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका, ओरडून माणसं जमवा.

मदतीबद्दल बोलते आहे तर चिपळूणचं सांगायलाच हवं. २२ जुलैला तिथल्या पुराला चार वर्षं झाली. २०२१मध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि आम्ही टेम्पोत बसून चिखल उपसायला गेलो होतो. तिथे एका शाळेच्या व्हरांड्यात कपड्यांचा डोंगर बघितला. राज्यभरातून आलेले कपडे: फाटक्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी, एकाच पायाचा बूट. भिजून त्यांना वास सुटला होता आणि ते हलवायला आणखी माणसं लागत होती. एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसलेल्या काकूंनी मला हाक मारून विचारलं, "बाय, साडी नको गो. खराटा आणलायस काय?" खराटे, फावडी, घमेली, फिनेल, मेणबत्त्या. एवढंच हवं होतं आणि तेच कमी पडत होतं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं आम्ही त्याच दिवशी उचलली. १८६४पासूनचं वाचनालय ते. पाणी पिऊन फुगलेली पुस्तकं हातात घेतली की पानं सुटत नसत, सगळं मिळून एक लगदा झालेला. मुखपृष्ठावर बोट फिरवून एखादं नाव लागलं की आमच्यातला एक मुलगा ते मोठ्याने वाचायचा. नंतर त्याने वाचणं बंद केलं.

त्या दिवसापासून कुठेही मदतीला जायचं झालं की मी आधी विचारते, काय आणू? आरे-वारेलाही तेच विचारलं. गावातल्या माणसांनी जुने कपडे मागितले नाहीत, मेणबत्ती मोर्चाही मागितला नाही. त्यांना हवा आहे लांब दोर, तरंगणारी कडी, लांबून दिसतील असे लाल बावटे आणि अंधार पडेपर्यंत उभं राहणारं माणूस. पहिल्या तीन गोष्टी वर्गणीतून होतील, आम्ही करतो आहोत. चौथी वर्गणीतून होणार नाही, आणि हे मला ठामपणे म्हणायचं आहे. शिट्या घेऊन उभी राहिलेली कॉलेजची पोरं म्हणजे जीवरक्षक नव्हेत. आम्हाला खवळलेल्या पाण्यात शिरण्याचं शिक्षण नाही आणि आम्ही शिरूही नये. आम्ही रविवारी असतो, आणि ते चौघे शनिवारी गेले. गोव्यात २००८पासून सरकारने किनाऱ्यांवर प्रशिक्षित, पगारी जीवरक्षक ठेवले आहेत. आपल्या किनाऱ्यावर पर्यटक यावेत म्हणून एवढे फलक लागतात, तर आरे आणि वारे या गावांतलीच पोहणारी मुलं निवडून, शिकवून, निदान जून ते सप्टेंबर पगारावर उभी करायला काय हरकत आहे? त्यांना हे पाणी घरच्यासारखं माहीत आहे. याच समुद्रावर पोट असलेला मच्छीमार १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होडी काढत नाही, आणि बंदी उठल्यावरही अनेक जण नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय ती लोटत नाहीत. पाहुण्यांना हे सांगणारं कुणीतरी सातही दिवस तिथे हवं.

ग्रामसभेत हा विषय मांडायचं गावातल्या काही जणांनी ठरवलं आहे. अर्ज लिहायला आम्ही बसणार आहोत. शेजारच्या काकांनाही काल सांगून आले, सह्या गोळा करायला ते येतो म्हणालेत.

येत्या रविवारी दुपारी चारपासून आम्ही वारेच्या बाजूला आहोत. येणाऱ्यांनी हातमोजे, रेनकोट आणि पाण्याची बाटली आणावी. गोण्या आमच्याकडे आहेत. कुणाकडे जाड नायलॉनचा दोर पडून असेल तर तोही आणावा.